फेरीचा वाटाड्या मागे हवा

वर्षावास संपून कार्तिक लागला की विहाराविहारांतून सहली निघू लागतात. आमच्या वस्तीतूनही निघतात. काही वर्षांपासून आम्ही त्यांना पायी फेरीचे रूप दिले आहे. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे आणि परत बसायचे, हे बंद केले. जाणत्या माणसासोबत दोन-चार किलोमीटर चालायचे, पाहायचे, ऐकायचे. नागपूरहून मनसर जवळ, त्यामुळे पहिली फेरी तिथलीच. 1998च्या सुमारास जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन सुरू झाले आणि टेकड्यांखालची विटांची भव्य बांधकामे उजेडात आली. हे स्थळ बोधिसत्त्व नागार्जुनाशी जोडलेले, असे एक मत. वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याची ही राजधानी, असे दुसरे. आमचा वाटाड्या दोन्ही मते सांगतो आणि ते योग्यच आहे. पण आज सांगायचे आहे ते विटांबद्दल नाही, चालणाऱ्यांबद्दल आहे.

एका फेरीत आमच्याकडून मोठी चूक झाली. हिवाळ्याचे दिवस. पहाटे अंधारातच बस सोडली, कारण फिरायला पहाटच चांगली, असा आमचा पक्का समज. तिशी-पस्तिशीतली मुले वाटाड्यासोबत झपाझप टेकडीवर चढली. माहिती सांगून झाली, टाळ्या झाल्या, तेव्हा आमच्या मावश्या अजून अर्ध्या चढावर होत्या. त्यांच्यासोबत सोळा वर्षांची एक मुलगी होती. पाय दुखतात असे ती सकाळीच म्हणाली होती. आमच्यातलाच एक जण म्हणाला, "काही होत नाही, चालली की मोकळी होशील." संध्याकाळपर्यंत तिच्या मांड्या आणि पाठ इतकी दुखू लागली की तिला बसता येईना. चार दिवस ती दवाखान्यात सलाइनवर होती. तिचा एसएस पॅटर्न आहे, हे आम्हाला तिथे कळले. आणि हेही कळले की पहाटेपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता.

का घेतला नव्हता, हे फेरीतल्या कोणत्याही बाईला विचारा. आम्ही नंतर विचारले. एक मावशी म्हणाल्या, "पाणी पेलो तं मंग जाऊ कुठं रे बाबू?" वाटेत बस थांबणार नाही, टेकडीवर आडोसा नाही, सोबत एवढी माणसे. म्हणून बाया घरूनच कोरड्या तोंडाने निघतात. पुरुषांच्या हे ध्यानातही येत नाही. आम्ही पाण्याचे दोन मोठे कॅन नेले होते, तेवढ्यावर आमचे समाधान होते. ते जवळजवळ भरलेलेच परत आले.

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. आपल्या बौद्ध समाजात, आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, शरीरातले पाणी घटले, फार थकवा आला किंवा थंडी लागली की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. आता आमची फेरी आठवा. पहाटेची थंडी, कोरडे तोंड आणि न थांबता चढ. त्रास व्हायला जे जे लागते, ते सगळे आम्हीच जमवून दिले होते.

यावर कोणी म्हणेल, नावनोंदणीच्या कागदावरच सिकलसेल आहे का, असे विचारा. आम्हालाही आधी तेच वाटले. पण आपल्या घरांत हे का लपवले जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून आई कार्ड कपाटात ठेवते. तपासणी करून घ्या, लग्नाआधी तर घ्याच, हे नागपुरात वर्षानुवर्षे सांगितले जात आहे. संपत रामटेके यांनी मुलाच्या आजारातून हे काम उचलले आणि ते समाजाचे काम केले. 2018मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2023मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. तरी भीती गेलेली नाही. अशा वेळी तीस जणांसमोर फिरणाऱ्या कागदावर कोणी खरे लिहील, ही अपेक्षा भाबडी आहे. ज्याला सांगायचे असेल त्याने एका जबाबदार व्यक्तीला एकांतात सांगावे, एवढी सोय जरूर ठेवावी. पण मुळात फेरीच अशी आखावी की ज्याने काही सांगितले नाही, तोही सुखरूप घरी येईल.

त्यासाठी जागा आधी बघून यावे लागते. आमच्यातले दोघे, त्यात एक बाई हवीच, आठवडाभर आधी जाऊन येतात. स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडे असते का, तिथे पाणी आहे का, हे पाहतात. जिथे सोय नाही, तिथली फेरी लहान करायची किंवा रद्द करायची. बस निघाल्यावर पहिला थांबा कुठे आहे, हे बायांना आदल्या दिवशीच सांगायचे. एवढे सांगितले की त्या पाणी पितात, वेगळा आग्रह करावा लागत नाही. निघायची वेळ आम्ही साडेआठ केली आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा कधीकधी दहाच्या खाली जातो. त्या थंडीत पाचला निघण्यात शौर्य नाही. दुपारचे ऊन चढायच्या आत मात्र सावलीला यायचे.

आणि वाटाड्या मागे चालतो. पुढे एक जण रस्ता दाखवायला असतो, पण माहिती सांगणारा शेवटच्या माणसासोबत येतो आणि तो पोहोचल्याशिवाय तोंड उघडत नाही. पुढे पळणाऱ्यांना आपोआप थांबावे लागते. चालताना बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे, हे समजायला यंत्र लागत नाही. पाय, पाठ दुखते असे कोणी म्हटले तर त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, पांघरायला द्यायचे. छातीत दुखून धाप लागली किंवा ताप आला, तर फेरी तिथेच सोडून त्याला दवाखान्यात न्यायचे.

तरुणांची तक्रार आहे की यात चालण्याची मजा जाते. तक्रार खोटी नाही. ब्रिटनमध्ये गावोगावी चालण्याचे महोत्सव भरतात, तिथे प्रत्येक फेरीपुढे अंतर, चढ आणि ती किती अवघड आहे हे आधीच लिहिलेले असते. ज्याला जे झेपेल ते तो निवडतो. आपणही सोपी आणि दमाची अशा दोन फेऱ्या ठेवाव्यात. मात्र सोपी फेरी म्हणजे कमी दर्जाची, असे कोणी मनात आणू नये. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. त्यांत प्रवासाचे बळ, निरोगीपणा आणि अन्नपचन आहे, एकाग्रताही आहे. वेगाचे नाव नाही.

मधुमेहाबद्दल थोडक्यात. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी चालू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, चप्पल नको, मोजे-बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांचा त्रास होता. 14 ऑक्टोबर 1956ला ते दीक्षाभूमीवर हातात काठी घेऊन, सहकाऱ्याच्या आधाराने उभे होते. आपल्या फेरीत काठी घेऊन येणाऱ्या आजोबांना "तुम्ही बसमध्येच थांबा" असे म्हणताना आम्हाला आता अवघडल्यासारखे होते.

यंदाची आमची फेरी पवनीची आहे. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचे 1969-70मध्ये उत्खनन झाले, मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्प तिथेच सापडले. ती मुलगीही नाव देऊन गेली आहे. तिच्या आईने एकच गोष्ट विचारली, बस पहिल्यांदा कुठे थांबणार. आम्ही जागेचे नाव सांगितले.