पिंपातली ऊब

इंग्लंडात १९६३ सालापासून घरच्या वापरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही, व पुष्कळ गृहस्थ हौसेने ती करतात. आपल्याकडे मद्याचा कायदा राज्याराज्यांत निराळा आहे, आणि वडोदऱ्याच्या वाचकांस तर दारूबंदीच आहे. तेव्हा पुढील मजकूर माहितीपुरताच घ्यावा.

नवख्याचे सारे लक्ष जव आणि हॉप्सची फुले यांवर असते. आमच्या मते खरी परीक्षा आंबवताना होते. यीस्ट साखर खाऊ लागले की स्वतःच उष्णता उत्पन्न करते. खोलीत २० अंश सेल्सिअस असता पिंपात २३-२४ अंश भरू शकतात. म्हणून तापमापक भिंतीला न टांगता पिंपाच्या अंगाला लावावा व वरून कापडाची घडी बांधावी. 'एल' जातीच्या बिअरला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. ऊब याहून फार वाढली तर केळ्यासारखा वास येतो आणि घसा जाळणारे जड मद्यार्क तयार होतात. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांतच घडते. मागाहून दिलेला गारवा व्यर्थ होय.

उलट, फार थंडीने यीस्ट निजते व साखर शिल्लक राहते. आंबणे संपले असे समजून कोणी बाटल्या भरल्या, तर पुढे उबेने ते जागे होते, वायू कोंडतो आणि काच फुटते. घरात मुले असताना हा धोका लहान नव्हे! घनतामापक दोन-तीन दिवस एकच आकडा दाखवील तेव्हाच बाटल्या भराव्यात.

बव्हेरियात हा प्रश्न पंचांगाने सोडवला होता. तेथील राजाज्ञेने १५५३ साली संत जॉर्जच्या सणापासून संत मिखाएलच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बिअर करण्यास मनाई केली. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र म्यूनिकच्या कारखान्यात आले, आणि उन्हाळ्याची अडचण सरली.

यंत्र नसलेला गृहस्थ पिंप पाण्याच्या घंगाळात ठेवतो, भोवती कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडतो. आपल्या माठाचीच ही युक्ती. मात्र दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून गोव्याच्या पावसाळ्यात ती लंगडी पडेल. तेथे घंगाळात बर्फच हवा. सूर घालून सान्नांचे पीठ आंबवणाऱ्या गृहिणींनी मे महिन्यात भांडे असेच पाण्यात ठेवून पाहावे.