धुरके फक्त शहरातच पडते काय?



गळीत हंगामात आम्ही रोज पहाटे शिवारात असतो. थंडीत गावावर करडा पट्टा पसरलेला दिसतो. विचारले तर म्हणतात, ''धुकं हाय साहेब, उन्हं वर आली की जाईल.'' पण त्या धुक्याला जळक्या पाचटाचा वास येतो, त्याचे काय?

धूर व धुके एकत्र आले की धुरके होते, इंग्रजीत स्मॉग. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर चढते व धूर घेऊन जाते. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन गार होते. तिच्यालगतची हवा थंड होऊन जड बसते, वर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा धूर खाली कोंडतो.

लंडनमध्ये 5 ते 9 डिसेंबर 1952 असेच झाले. घरोघरच्या शेगड्यांचा व वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर अडकला, कोळशातल्या गंधकाचे धुक्याच्या थेंबांत आम्ल झाले. त्या वेळी सुमारे 4,000 मृत्यू धरले गेले. पुढच्या अभ्यासात आकडा 12,000 पर्यंत गेला. मग 1956 साली तिथे शुद्ध हवेचा कायदा आला. आज दिल्लीत मोटारींच्या धुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडाचा धूर मिसळतो. शेतातला धूर बांधावर थांबत नाही.

आपणही तोडणी झाली की सांजेला पाचटाला काडी लावतो. झाकण बसायची वेळ नेमकी तीच. म्हातारी माणसे, दम्याचे रोगी आणि फडाशेजारच्या कोप्यांतली तोडणी मजुरांची लेकरे तो धूर रात्रभर छातीत घेतात.

''पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत नाही,'' ही सभासदांची तक्रार खोटी नाही. त्यासाठी पाचट एक आड एक सरीत दाबावे, मोकळ्या सरीने पाणी द्यावे. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. जमिनीला खत होते, ओल टिकते.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. शेतकी खात्यातले आम्हीही बांधावर उभे राहून आग पाहिली आणि गप्प बसलो. यंदा खोडवा ठेवणाऱ्या प्रत्येकाने निदान एक एकर न जाळता राखावा. गट ऑफिसला निरोप द्या, आम्ही बांधावर येतो.