‘लिंक का दाबलीस?’

गोंदिया जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकांसाठी मी सध्या सायबर फसवणुकीची शिबिरे घेते. फिशिंग म्हणजे खोटा निरोप धाडून माणसाला गळाला लावणे. मामा तलावांच्या या जिल्ह्यात एवढे सांगितले की पुरते. शिबिरासाठी मिळालेल्या पुस्तिकेत खोट्या संदेशाच्या खुणा दिल्या आहेत: इंग्रजीच्या चुका, घाई, कारवाईची धमकी, लिंक. त्या वाचून होताच मागच्या रांगेतली एक सेविका म्हणाली, “मॅडम, खरा आदेश बी असाच येते न!”

तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ‘आज पाचपर्यंत माहिती भरा, अन्यथा मानधन कपात’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, खाली लिंक असते, पाठवणाऱ्याची सही नसते. वरून येणारा हुकूम आणि भामट्याचा संदेश एकाच साच्यातले असतील तर सेविकेने ओळखायचे कशावरून? आणि इंग्रजीच्या चुका शोधायला सांगायचे कुणाला? २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी शासनाचे निकृष्ट मोबाईल परत केले, तेव्हा पोषण ट्रॅकर मराठीत नाही हीच त्यांची तक्रार होती.

यात एकट्या सेविकेचे नुकसान होत नाही. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज गावोगावी सेविकांनीच भरून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आधारचा ओटीपी लागू लागला आणि बनावट संकेतस्थळेही निघाली. गावातली बाई लिंक खरी की खोटी हे सेविकेलाच विचारते. ती फसली तर तिच्या भरवशावरच्या सगळ्याच अडचणीत येतात.

तरी शिबिरांचा सूर ‘तुम्ही सावध राहा’ एवढाच. रात्री एकटी का गेलीस, या प्रश्नाशी आपण इतकी वर्षे भांडलो. ‘लिंक का दाबलीस’ हा त्याचाच भाऊ आहे. मोठ्या कंपन्याही हेच करतात. अमेरिकेतल्या गोडॅडीने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांची परीक्षा म्हणून ६५० डॉलर बोनसचा खोटा ईमेल पाठवला. सुमारे ५०० जण फसले, त्यांना पुन्हा शिकवणी लावली. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली. करोनाच्या वर्षात बोनसची आस दाखवून कसली परीक्षा घेता?

आमच्याकडे फसलेली बाई आधी गप्प बसते. घरी कळले तर फोन काढून घेतील, कार्यालयात कळले तर नोटीस येईल. इथेच खरे नुकसान होते. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तर ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी, बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेवर टाकले होते. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही!

माझ्या मते शिबिर आधी आदेश काढणाऱ्यांचे घ्यावे. आदेश ठरलेल्या एकाच क्रमांकावरून, मराठीत, सहीनिशी यावा. ‘हे तुम्हीच पाठवले का?’ असे फोन करून विचारणाऱ्या सेविकेला झापू नये. फसल्याचे त्याच दिवशी सांगणारीवर कारवाई होणार नाही, हे लेखी द्यावे. पुढच्या शिबिराला पर्यवेक्षिका आणि अधिकाऱ्यांनीही बसावे, असे मी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान, शिबिराचे फोटो आजच अपलोड करा, असा संदेश मात्र आला आहे. खाली लिंक आहे.