आईबापांची खोली कोणाची?

गांवाकडचें घर विकून टाकावें, आलेल्या पैशांतून नाशिक-सांगलीसारख्या शहरांतील मुलाच्या बैठ्या घराला एक खोली वाढवावी, आणि म्हाताऱ्या आईबापांना तेथें आणून ठेवावें, हा बेत सुशिक्षित घरांतून आज मोठ्या शहाणपणाचा समजला जातो. शेजारपाजारांत मुलाची वाहवा होते. वृद्धांना जवळ आणण्याविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. तें कर्तव्यच आहे. आमचा आक्षेप या व्यवहाराच्या हिशेबाला आहे. खोली उभी राहिली ती आईबापांच्या पैशानें, तिची मालकी गेली मुलाकडे, आणि वर 'मुलानें आईबापांना आश्रय दिला' अशी कीर्ति! ज्या माउलीनें चाळीस वर्षें आपल्या ओसरीवर आल्यागेल्याचा चहा केला, ती आतां सुनेच्या स्वयंपाकघरांत आधण ठेवण्यापूर्वीं विचारूं लागते. यांत सुनेचा दोष नाहीं; जिचें स्वतःचें असें कांहींच उरलें नाहीं, ती पाहुणी होणारच.

घरच्या माणसांत कागद कसला, असें कोणी म्हणेल. परंतु हेच गृहस्थ बँकेचें कर्ज काढतांना घराचीं कागदपत्रें निमूटपणें तिच्या हवालीं करतात, आणि त्यांत त्यांना अपमान वाटत नाहीं. मग कागदाचा विटाळ आईबापांपुरताच कां? २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या २३ व्या कलमान्वयें, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता असेल आणि ती अट मोडली गेली, तर तें हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करवून घेतां येतें. पण विटा-सिमेंटांत मुरलेल्या पैशामागें एक चिटोरेंही नसेल, तर अट होती हें म्हाताऱ्यानें सिद्ध करावें कशाच्या बळावर?

आणि लेकीचें काय? घर वडिलोपार्जित असल्यास हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें तिचा हक्क मुलाच्या बरोबरीचा ठरला आहे. तिचा वाटाही भावाच्या भिंतींत चिणला जातो, आणि 'दादानें आईबापांचें केलें' म्हणून तिनेंच कृतज्ञ राहावें!

आमचें म्हणणें एवढेंच. खोलीचा खर्च मुलानें, आणि ऐपत असल्यास मुलीनेंही, सोसावा. वाढीव बांधकामासाठीं बँका कर्ज देतात, त्याचे हप्ते कमावत्या हातांनीं फेडावेत. गांवचें घर विकूं नये. तें भाड्यानें द्यावें, आणि भाडें आईच्या हातीं पडावें. आईबापांचा पैसा घेणें अटळच असेल, तर रकमेच्या प्रमाणांत त्यांचा हिस्सा, निदान आमरण राहण्याचा हक्क, नोंदणीकृत लेखानें पक्का करावा. मुद्रांकशुल्क जड वाटतें म्हणणाऱ्यांनीं आपण निवडलेल्या फरशीच्या किंमतीकडे एकदां पाहावें. खऱ्या मायेला कागदानें धक्का लागत नाहीं. लागत असेल, तर ती माया पाया खणण्यापूर्वींच पारखून घेतलेली बरी.