उपासाला चालतं!

आषाढी एकादशीचं ताट बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मागाहून पपईच्या फोडी. इतकं सात्त्विक, सनातन आणि वेदकालीन ताट त्रिभुवनात नाही, असं आमच्या संस्कृतिरक्षकांचं मत आहे. असो बापडं. अडचण एवढीच की साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, रताळं, राजगिरा, मिरची आणि पपई ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडाची. १४९२ साली कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडे पोचला नसता आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले नसते, तर आपली एकादशी खरोखरच निरंकार झाली असती.

राजगिऱ्याची कथा तर कीर्तनात सांगावी अशी आहे. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून देवांच्या मूर्ती घडवत आणि पूजा झाली की त्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे घोर पाखंड वाटलं आणि त्यांनी राजगिऱ्यालाच धारेवर धरलं. तिकडे मूर्तिपूजेपायी वाळीत पडलेलं धान्य इकडे येऊन लाडू झालं आणि एकादशीच्या पंगतीत बसलं. त्याला कुणी गोत्र विचारलं नाही.

साबुदाण्याचं चरित्र आणखी ताजं आहे. आधी तो मलाया-सिंगापूरकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो मार्ग बंद झाला आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकाच्या कंदापासून तो करण्याचे कारखाने उभे राहिले. ज्या साबुदाण्यावाचून एकादशी बुडते असं माझ्या आत्याला वाटतं, तो साधारण तिच्याच वयाचा आहे. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘गप्प बस आणि दाण्याचं कूट कर.’

आता उपासाला चालत नाही ते काय, तेही बघून घ्या. तूर चालत नाही, मूग चालत नाही, उडीद चालत नाही. ही कडधान्यं याच भूमीत माणसाने पहिल्यांदा पिकवली. हळद चालत नाही. नवरीच्या अंगाला लागते ती हळद, देवाला वाहतात ती हळद, पण उपासाच्या बटाट्यात चिमूटभर पडली की व्रतभंग! व्रताचं हविष्यान्न म्हणून जुन्या ग्रंथांनी जे मान्य केलं त्यात तांदूळ, जव, मूग आणि तीळ आहेत. मिरचीचं नाव असणं शक्यच नव्हतं. ग्रंथकारांना ती ठाऊकच नव्हती. थोडक्यात, भूमिपुत्र ताटाबाहेर आणि पाहुणे पाटावर. वरी आणि शिंगाडा यांनीच काय ती स्वदेशीची लाज राखली.

हे मी चिडून सांगते आहे असं समजू नका. खिचडी मलाही आवडते, खरपूस बाजूची तर जास्तच. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बटाट्याला उपासात घ्यावं की नाही यावर धर्मसभा भरली होती का? काशीच्या पंडितांनी मिरचीवर निर्णय दिला होता का? मोर्चे निघाले? कुणाच्या भावना दुखावल्या? छे! कुणा अनाम बाईने पोरांच्या पोटात काहीतरी जावं म्हणून चुलीवर बटाटा चढवला, घरच्या पुरुषांनी तो मिटक्या मारत खाल्ला आणि परंपरेत तेवढ्यापुरती दुरुस्ती झाली. आजही कोथिंबिरीचं घटनात्मक स्थान घरोघर वेगळं आहे. आमच्याकडे चालते, शेजारी चालत नाही. दोघांचीही एकादशी विठोबाला पोचते.

इथे एक काका हमखास घसा खाकरतात. तुमच्याही घरात असतील. ‘प्रत्येक परंपरेमागे विज्ञान आहे’ हे त्यांचं ब्रीद. उपास म्हणजे पचनसंस्थेला विश्रांती, म्हणे. साबुदाणा, तूप, दाण्याचं कूट आणि तळलेले वडे! ही विश्रांती असेल तर पचनसंस्थेचे कष्ट कसे असतात ते एकदा बघायला हवं. बरं, विज्ञान हेच कारण असेल तर विज्ञान बदललं की रूढी बदलू या, असं म्हणून पाहा. काकांचं विज्ञान तत्क्षणी अंतर्धान पावतं आणि तिथे श्रद्धा प्रकट होते. तिच्यावर बोट ठेवा, मग भावना दुखावतात. भावनांच्या मागे कायदा उभा असतो, कायद्याच्या मागे भाचेमंडळी. वादविवादाची अशी चौफेर तटबंदी प्रत्यक्ष नैयायिकांनाही साधली नव्हती.

परंपरेने माणूस बांधला जातो, त्याला मुळं मिळतात, एकटेपण कमी होतं, हे सगळं मला मान्य आहे. वारी बघितलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पण वारीचं आजचं रूपही कुणीतरी घडवलेलं आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला आणि दिंड्यांना शिस्त लावली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, सैन्याची चाल त्यांनी पाहिलेली. ती शिस्त त्यांनी टाळ-मृदंगाला लावली. त्या वेळी ‘हे नवीन काय काढलंत?’ असं विचारणारा एखादा काका असणारच. सुदैवाने त्याचं नाव राहिलं नाही.

आता चहा. उपासाला चहा चालतो, हे तर ब्रह्मवाक्य. पण पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेल्या चहा-बिस्किटांवरून काय रामायण झालं होतं! आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव हे अफाट खोडकर गृहस्थ. शहरातल्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये नेण्यामागे तेच होते. पुढे चहाला बसलेल्यांची नावं वर्तमानपत्रात झळकली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. सनातन्यांनी प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत नेलं. पुढची वर्ष-दोन वर्षं पुण्याची बुद्धिमत्ता एका पेयाच्या पापपुण्यावर खर्ची पडली आणि शेवटी रानडे काय नि टिळक काय, प्रायश्चित्त दोघांनाही चुकलं नाही. एक हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला, दुसरा पुढे लोकमान्य होणारा. गुन्हा काय, तर चहा.

पण नीट बघा. प्रश्न चहाचा नव्हताच, कप कुणी पुढे केला याचा होता. ख्रिस्त्याच्या हातचा! इथे सगळी मेख आहे. आपली परंपरा पदार्थाला कधीच अडवत नाही. समुद्रापलीकडचा बटाटा सोवळ्यात येतो, चीनहून निघालेली चहाची पत्ती ठाकूरजींच्या आरतीनंतर उकळते. अडवायचा असतो तो माणूस.

लग्नात बघा. मराठी लग्नात आता संगीत असतं, मेंदीचा वेगळा दिवस असतो, हळदीला सगळ्यांनी पिवळं नेसायचं फर्मान असतं. नवऱ्यामुलाचे बूट लपवणं तर १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर असं रुळलं की जणू याज्ञवल्क्यांनीच सांगून ठेवलंय. डोक्यावर ड्रोन घोंगावतो आणि भटजी मंगलाष्टकं त्याच्या अँगलने म्हणतात. कुणाची हरकत नाही. पण हेच लग्न ठरवताना मुलीने विचारावं, ‘जावयाचे पाय माझ्या आईबाबांनी का धुवायचे? आणि मानपानाच्या साड्या आमच्याच बाजूने का?’ झालं. पूर्वज खडबडून जागे होतात. कुळाचार, देवक, घराणं, लोक काय म्हणतील, सगळं एकदम आठवतं. भर घालायला परंपरेचं दार सताड उघडं आहे, वजाबाकी म्हटली की त्याच दाराला कुलूप. आणि किल्ली नेहमी त्याच्याच खिशात, ज्याचे पाय धुतले जायचे असतात.

उपासाचाच विषय आहे तर एका खऱ्या उपासाबद्दल सांगते. मे १९४७. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. १ मे ते १० मे. ज्या देवाच्या भक्तांत चोखोबा होते, त्या देवाच्या दारात! बडव्यांकडे उत्तर एकच होतं: परंपरा. तिथे मिरचीला कधीचाच प्रवेश होता, शेंगदाणा बिनदिक्कत येत-जात होता, आणि माणूस महाद्वाराबाहेर उभा होता. दहाव्या दिवशी दार उघडलं. त्या दहा दिवसांच्या उपासात खिचडी नव्हती हे सांगायला नकोच.

शनिशिंगणापूरचंही तेच. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही, का, तर चारशे वर्षांची परंपरा. हा चारशेचा आकडा मला फार आवडतो. कुठलीही रूढी पुरेशी गैरसोयीची झाली की ती आपोआप चारशे वर्षांची होते. २०१५ च्या नोव्हेंबरात एक बाई चढली, तर शिळेला अभिषेक करून शुद्धी केली गेली. पुढे उच्च न्यायालयाने सरकारला कायद्याची आठवण करून दिली आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला देवस्थानाने सगळ्यांनाच वाट मोकळी केली. गंमत अशी की त्या दिवशी सकाळी आधी पुरुषांचा जमावच, तेव्हा पुरुषांवरही असलेली बंदी मोडून, पाणी वाहायला चौथऱ्यावर चढला होता. तेव्हा चारशे वर्षं कुठे गेली होती कुणास ठाऊक! बायका चढल्या, तेल वाहिलं, उतरल्या. शनी जागच्या जागी आहे, साडेसाती पूर्वीच्याच दराने चालू आहे.

आणि हळदीकुंकू? संक्रांतीला फ्लॅटफ्लॅटमधून डब्यांची, कापडी पिशव्यांची, प्लास्टिकच्या चाळण्यांची वाणं लुटली जातात. वाण काळाबरोबर चालतं, नव्हे, धावतं. पण नवरा गेलेली बाई त्याच मजल्यावर राहत असेल तर तिचं दार वगळून पुढची बेल वाजते. बोलावणाऱ्या बायका शिकलेल्या असतात, हातात मोबाईल असतो, त्यावर ‘आम्ही साऱ्या सख्या’ नावाचा ग्रुप असतो. ती विधवाही त्या ग्रुपवर असते. तिने फोटो बघून बदाम टाकायचा, एवढी तिला मुभा. वाईट वाटत नाही का, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘आम्हाला काही नाही हो, पण सासूबाईंना चालत नाही.’ सासूबाईंना विचारलं की त्या म्हणतात, ‘मला काही नाही गं, पण लोकांना चालत नाही.’ लोकांना विचारायला मी बाहेर पडले, तर तिथे पुन्हा ह्याच दोघी उभ्या.

मे २०२२ मध्ये हेरवाड नावाच्या गावाने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, जोडवी काढणं, तिला कार्यातून वगळणं, हे सगळं आजपासून बंद. ना परिसंवाद, ना अभ्यासगट, ना ‘समाज अजून तयार नाही’. ग्रामपंचायतीचा ठराव, बस. त्याच महिन्यात राज्य सरकारलाही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगावं लागलं.

हे मी आमच्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘खेड्यात ठीक आहे, आपल्याकडे असं एकदम होत नाही.’ आणि मग जरा थांबून, ‘कुठे आलं म्हणालीस हे हेरवाड?’ शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर, कुरुंदवाडच्या जवळ. एसटी जाते, काका.