विश्लेषण : घाटात वायरलेस हवाच, पण तो गाडीत नीट बसवायचा कसा?

मावळात पाऊस वाढला की दोन गोष्टी एकदमच घडतात. लोणावळा-खंडाळ्यात पर्यटकांची गर्दी होते आणि खोऱ्यांमधली मोबाइलची रेंज बेभरवशाची होते. भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक घटनेत पोलिस, अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्थानिक पथके यांना एकमेकांशी सतत बोलावे लागते. हजारो लोक एकाच ठिकाणी मोबाइल वापरत असताना तेच सर्वांत अवघड होते. त्यामुळे बचावाच्या गाड्यांमध्ये बिनतारी संच, म्हणजे रोजच्या बोलीतला ‘वायरलेस’, असावा असे सगळेच मान्य करतात. पण तो गाडीत बसवतो कोण आणि कसा, याकडे फारसे कोणी पाहत नाही. वायर, फ्यूज आणि स्क्रू यांतल्या चुका मात्र नेमक्या अडचणीच्या वेळी उघड होतात.

हातातला वॉकी-टॉकी असताना गाडीतला संच कशाला?

हातातला संच साधारण ५ वॉटचा असतो आणि त्याचा अँटेना आखूड असतो. पत्र्याच्या गाडीत बसून बोलले तर त्यातली बरीच शक्ती पत्राच अडवतो. गाडीत कायम बसवायचा संच बहुधा २५ ते ५० वॉटचा असतो, त्याचा अँटेना टपावर असतो आणि वीज गाडीच्या बॅटरीतून मिळते.

मावळाच्या भूगोलात हा फरक मोठा ठरतो. या संचांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. इंद्रायणी आणि पवना या दोन खोऱ्यांच्या मध्ये लोहगड-विसापूरची रांग आडवी आहे. पवनानगरहून केलेला पुकारा लोणावळ्यात ऐकू येईलच असे नाही. मात्र रांगेवरच्या खिंडीत उभी केलेली गाडी दोन्हीकडचे निरोप पुढे देऊ शकते. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीपर्यंत वाहनाचा रस्ताच नव्हता, बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणी पायथ्याची गाडी हाच नियंत्रण कक्ष असतो. तिच्यातला संच बंद पडला, तर वर गेलेल्या माणसांचा खालच्या जगाशी संबंध तुटतो.

परवाना कोणाला लागतो?

बसवलेला, बाहेर अँटेना असलेला ताकदवान संच विनापरवाना वापरता येत नाही. भारतात परवाना-मुक्त वापर ठरावीक पट्ट्यांत आणि कमी शक्तीपुरताच आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील छोटे वॉकी-टॉकी हे त्याचे परिचित उदाहरण. संस्था, कंपन्या किंवा पथकांना आपली स्वतंत्र वारंवारिता हवी असेल, तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखेकडे, म्हणजे ‘डब्ल्यूपीसी’कडे अर्ज करावा लागतो.

दुसरा मार्ग हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारे पुकार-चिन्ह मिळते. हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा उपलब्ध आहे. मात्र हा परवाना त्या व्यक्तीचा असतो, गाडीचा नव्हे. परवानाधारक उतरून गेल्यावर इतरांनी तो संच वापरणे नियमात बसत नाही. धंद्यासाठीही तो वापरता येत नाही.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त संच ही वेगळी डोकेदुखी आहे. परवान्याची माहिती न देता होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२५ मध्ये ई-कॉमर्स मंचांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. खरेदीपूर्वी संचाची वारंवारिता आणि त्याला उपकरण प्रकार मान्यता आहे का, हे तपासायलाच हवे. पोलिस किंवा विमान वाहतुकीच्या वारंवारितेत चुकून केलेला पुकाराही गंभीर ठरतो.

वीज कुठून घ्यायची?

सर्वाधिक चुका इथेच होतात. ५० वॉटचा संच बोलताना १० ते १२ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. सिगारेट लायटरचे सॉकेट बहुधा १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजवर असते आणि त्यातला पिनेचा संपर्कही सैल असतो. तिथून एवढा लोड घेतला की सॉकेट तापते. म्हणून वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, हे इथे लक्षात घ्यायचे. तो संचाजवळ बसवला आणि मधल्या कुठल्याही ठिकाणी वायर घासून बॉडीला लागली, तर बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर सोडू शकते. वायर लाल होते आणि आग लागते. फ्यूज किती अँपिअरचा हवा, ते संचाच्या पुस्तिकेत दिलेले असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

वायरची जाडीही हिशेबाने ठरवावी. बॅटरीपासून संचापर्यंत ५ मीटर वायर धरली, तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे होते. १.५ चौरस मिलिमीटर वायरमध्ये १२ अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटर वायरमध्ये हाच आकडा अर्ध्या व्होल्टवर येतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टवर असेल, तर बारीक वायरीने संचाला ११ व्होल्टच मिळतात. बोलायला बटण दाबले की संच बंद पडतो, यामागे बहुधा हेच कारण असते.

निगेटिव्ह वायरचा प्रश्न नव्या गाड्यांत नाजूक आहे. अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर विद्युतप्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे वायर थेट जोडली तर गाडीचा हिशेब चुकतो. अशा वेळी बॅटरीजवळच्या बॉडी अर्थच्या मूळ बोल्टवर, रंग खरवडून, लग घट्ट बसवावा. निगेटिव्ह थेट बॅटरीवर घ्यायची असेल, तर त्या वायरलाही फ्यूज हवा. इंजिनाची मूळ अर्थ सैल झाली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह या बारीक वायरीतून वाट शोधतो.

ट्रक, बस आणि मोठ्या क्रेन २४ व्होल्टवर चालतात. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होऊन खराब होतात. तिथे २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर वापरणे हाच योग्य मार्ग. विद्युत वाहनात नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांच्या वाटेला जाऊच नये.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावणे सक्तीचेच समजावे. पत्र्याची कड थरथरीने काही महिन्यांत आवरण कापते. एक्झॉस्ट, पेडल आणि स्टिअरिंगपासून वायर दूर ठेवावी.

संच आणि माइक कुठे बसवायचे?

एअरबॅग उघडण्याच्या वाटेत काहीही नको, हा पहिला नियम. चालकासाठी जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासाठी जानेवारी २०२२ पासून नव्या मोटारींत एअरबॅग बंधनकारक आहे. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला संच तितक्याच वेगाने तोंडावर येतो. खांबांच्या आवरणात पडद्यासारखी एअरबॅग असेल, तर अँटेनाची केबल तिच्यावरून नेऊ नये. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्टर लावणे किंवा जोड मारणे धोक्याचे आहे.

दुसरा नियम पकडीचा. गाडी ताशी ५० किलोमीटरवरून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर तिच्यातल्या वस्तूंवर वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. दीड किलोचा संच ३० किलोच्या जोराने सुटू पाहतो. दुहेरी टेप आणि प्लास्टिकच्या पट्ट्या इथे कामाच्या नाहीत. धातूचा ब्रॅकेट, बोल्ट आणि लॉक वॉशर लागतात. वेगळा होणारा डिस्प्ले असलेला संच घेतला, तर जड भाग सीटखाली बसवता येतो. मात्र तिथे हवा खेळायला जागा हवी आणि पावसात भिजलेले बूट त्याच्यावर येता कामा नयेत.

माइक चालकाने धरावा की नाही? वाहन चालवताना हातात धरायची संपर्क साधने वापरणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. बोरघाटाच्या वळणांवर, धुक्यात, एका हाताने स्टिअरिंग धरून बोलणे कुणालाच परवडणारे नाही. माइकचे हुक शेजारच्या माणसाच्या हाताशी बसवावे. चालक एकटाच असेल, तर बाजूला थांबून बोलावे.

अँटेना कुठे आणि किती लांब?

टपाचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. पत्रा लहरींना आधार देतो आणि आत बसलेल्यांना त्यांच्यापासून आडही करतो. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर येते. त्याच्या पाव भागाचा, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटरचा अँटेना साधा आणि भरवशाचा असतो. चुंबकाचा अँटेना तात्पुरता ठीक आहे, पण त्याच्या केबलवरून दाराच्या फटीतून पाणी आत येते. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. लोणावळ्यासारख्या पावसात बाहेरच्या जोडांवर जलरोधक टेप हवाच.

बसवल्यानंतर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावी. आकडा दीडपर्यंत असेल तर फक्त ४ टक्के शक्ती परत येते. तीन असेल तर २५ टक्के परत येते आणि संच तापतो. पूर्ण शक्तीवर बोलताना अँटेनाजवळ कोणी उभे राहू नये. किती अंतर ठेवायचे, ते उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. टपावर चढून दोर सोडणाऱ्या बचाव पथकांना हे विशेष लागू आहे.

सीएनजी, पेट्रोल पंप आणि दगडखाणी

मावळातील अनेक टॅक्सी आणि छोट्या गाड्या सीएनजीवर चालतात आणि त्यांची टाकी डिकीत असते. त्याच डिकीत संच बसवू नये. गळती झाली तर रिले किंवा सैल जोडाची ठिणगी पुरते. इंधन भरताना संच बंद ठेवावा, केवळ न बोलणे पुरेसे नाही. तालुक्यातील दगडखाणींजवळ आणि बोगद्यांच्या कामाजवळ सुरुंगाचे फलक दिसले, तर आधीच संच बंद करावा. विजेवर चालणाऱ्या डिटोनेटरच्या तारांत रेडिओलहरींमुळे विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो.

बसवल्यानंतर काय तपासायचे?

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, आधी कमी आणि मग पूर्ण शक्तीवर पुकारा करावा. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागतो का, इंजिनचा वेग बदलतो का, हे पाहावे. रुग्णवाहिकेत मॉनिटर आणि इतर उपकरणे चालू ठेवून हीच चाचणी घ्यावी. रुग्ण नसताना.

बॅटरीचा हिशेबही मांडावा. नुसता ऐकत राहिलेला संच साधारण अर्धा अँपिअर घेतो. दोन दिवस चालू राहिला तर २४ अँपिअर-तास गेले आणि पावसात पायथ्याला उभी असलेली गाडी सुरूच होणार नाही. कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा स्विच फार महाग नसतो.

मावळात काय करता येईल?

तालुक्यात दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाची तयारी होते. बोटी, दोर, लाइफ जॅकेट मोजली जातात. त्याच यादीत गाड्यांमधल्या संचांची तपासणी आली पाहिजे. फ्यूज बॅटरीजवळ आहे का, ब्रॅकेट बोल्टने पकडला आहे का, एसडब्ल्यूआर किती आहे, परवाना कोणाच्या नावाने आहे, या चार ओळी पुरतील. एका गाडीला अर्धा तास लागतो. स्वयंसेवी पथके स्वतःच्या खिशातून संच घेतात. त्यांना परवान्याचे मार्गदर्शन आणि जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन मिळवून देणे प्रशासनाला सहज जमण्यासारखे आहे. दोर तुटका आहे का, हे पथक चढाईपूर्वी हाताने चाचपून पाहते. वायरही तशीच चाचपायला हवी.