कान दोनच आहेत, स्टिकर कितीही लावा!

दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला गेलो होतो. पुण्याहून गोंदिया म्हणजे राज्याचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठणं. अंग आंबून गेलं होतं. मामाच्या घरी पोचलो, चहाचा कप हातात आला आणि मामेभाऊ एक खोका घेऊन समोर हजर. "भाऊ, पहा ना, सेवन पॉइंट वन हाये!"

खोक्यावर ड्रॅगन. हेडफोनच्या दोन्ही बाजूंना लाल-हिरवे दिवे. आणि मोठ्या अक्षरांत '७.१ सराउंड'. पठ्ठ्याने पार्टटाइम कामाचे तीन महिन्यांचे पैसे साठवून हे घेतलेलं. कशासाठी, तर बीजीएमआयमध्ये शत्रूची पावलं ऐकू यावीत म्हणून. घरातला कॉम्प्युटर इंजिनिअर मी, म्हणून शाबासकीची अपेक्षाही माझ्याकडूनच. मी तोंड उघडलं आणि सणासुदीचा मूड घालवला. आता तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हिंजवडीतल्या माझ्या टीममधले लोकही यापेक्षा फार वेगळं वागत नाहीत. फक्त त्यांचे खोके जास्त महाग असतात. :)

मुद्दा पहिला. '७.१' म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर, खोलीत आपल्याभोवती मांडलेले. हेडफोनमध्ये ते कुठे बसणार? बाजारातल्या जवळजवळ सगळ्या 'सेवन पॉइंट वन' हेडफोनमध्ये ड्रायव्हर दोनच असतात, एक डावा, एक उजवा. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर.

आणि खरं तर दोन पुरतातही. आमच्याकडे भाताच्या बांध्यांमध्ये सारस पक्ष्यांची जोडी असते. पहाटे ती ओरडली की डोळे मिटूनसुद्धा कोणीही बोट करून सांगेल की आवाज तळ्याकडून आला. या माणसाला कान किती? दोनच ना? आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा हजारावा भागही नसतो, साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. शिवाय डोकं मध्ये आडवं आल्यामुळे डाव्या कानाला आवाज थोडा कमी येतो. पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे कानाच्या पाळीच्या घड्यांवर आवाज कसा आपटतो त्यावरून कळतं. या सगळ्याचं गणित मांडता येतं, त्याला एचआरटीएफ म्हणतात.

हे गणित करायचं कोणी? गेमने. शत्रू नकाशावर नेमका कुठे आहे हे गेमला माहीत असतं, हेडफोनला नसतं. व्हॅलरंटमध्ये २०२१ पासून एचआरटीएफचा पर्याय आहे, काउंटर-स्ट्राइक २ मध्येही आहे. तो चालू ठेवून वर हेडफोनचं '७.१' पण लावलं, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते. म्हणजे शिजलेला भात पुन्हा कुकरला लावायचा. दिशा स्पष्ट होण्याऐवजी सगळं घुमायला लागतं.

बरं, हे काही कालचं संशोधन नाही. ऑरिअल नावाच्या कंपनीचं ए३डी तंत्र १९९७-९८ सालीच साध्या दोन कानांच्या हेडफोनवर पावलांची दिशा दाखवत होतं. १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये त्याला सपोर्ट होता. क्रिएटिव्हबरोबर कोर्टकचेरी झाली, ऑरिअल खटल्यात टिकली पण खर्चात बुडाली, आणि २००० साली क्रिएटिव्हनेच तिचा उरलासुरला माल विकत घेतला. म्हणजे जे काम दोन ड्रायव्हरवर पंचवीस वर्षांपूर्वी झालं होतं, त्याच्यावर आज ड्रॅगन चिकटवून विकतात.

मुद्दा दुसरा, ब्लूटूथ. "वायर कोण सांभाळणार यार" म्हणणाऱ्यांनी जरा ऐका. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. सिनेमा बघताना प्लेअर चित्रही तेवढंच मागे ठेवतो, म्हणून आपल्याला जाणवत नाही. गेमला ती सोय नाही. दोनशे मिलिसेकंद म्हणजे ६० एफपीएसवर १२ फ्रेम. तुम्हाला पाऊल ऐकू येईपर्यंत समोरचा गोळी झाडून मोकळा.

त्याहून मोठी गंमत माइकची. पारंपरिक ब्लूटूथवर माइक चालू केला की हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो. आवाज मोनो होतो, सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर घसरतं. मोनोमध्ये डावं-उजवं काही उरतच नाही! म्हणजे मित्रांशी बोलायला लागलात की ज्यासाठी पैसे मोजले तेच गायब. एलई ऑडिओमध्ये यावर उपाय आहे, पण तो फोन आणि हेडफोन दोघांतही असावा लागतो. यूएसबी डोंगलवाले २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस हेडफोन मात्र ठीक असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. महाग असतात, एवढंच.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. कानात नीट बसणारे, रबरी टिपवाले, वायरचे साधे स्टिरिओ इअरफोन. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सी डोंगल. बोलायला वायरवरचा माइक पुरतो. यात भागतं, आणि निम्म्याहून जास्त पैसे खिशात राहतात.

इअरफोनच का? कारण गोंदियाचा मे महिना. पारा ४४-४५ ला, खोलीत कूलर विमानासारखा घरघरतोय. अशात रेक्झिनच्या गाद्यांचा हेडफोन लावला तर कानाची भाजी होते. ओपन-बॅक लावला तर कूलरचा आवाज सरळ आत. आणि कूलर आत आला की माणूस व्हॉल्यूम वाढवतो. रबरी टिप घट्ट बसली की बाहेरचा आवाज अडतो आणि कमी व्हॉल्यूममध्ये पावलं ऐकू येतात.

आणि व्हॉल्यूम, हाच माझा खरा मुद्दा आहे. बाकी सगळं पैशांचं नुकसान, ते भरून निघतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास, कारण १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते. आता गेममध्ये काय होतं बघा. पावलं हळू असतात, गोळीबार प्रचंड मोठा असतो. आपण व्हॉल्यूम लावतो पावलांच्या हिशेबाने आणि कानावर आदळतो गोळीबार. रोज तीन तास खेळणाऱ्याचा ९० डेसिबलचा आठवड्याचा कोटा दुसऱ्याच दिवशी संपतो. २०२४ साली बीएमजे पब्लिक हेल्थमध्ये १४ अभ्यासांचा, पन्नास हजारांहून जास्त लोकांचा आढावा आला होता. बरेच गेमर सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा वर ऐकतात, असं त्यात दिसलं. खोक्यावर मात्र 'एक्स्ट्रीम बास' असतं, डेसिबलबद्दल चकार शब्द नसतो.

मामेभावाला हे सांगत होतो तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाऊ, रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते." किती दिवसांपासून, विचारलं, तर दोन आठवडे. घरी कोणाला बोलला नव्हता.

शेजारच्या खोलीत मामा टीव्ही बघत होता. टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. मामाची तीस वर्षं राइस मिलमध्ये गेली. दिवसभर मशीनची धडधड, कानात बोळा घाला असं कोणी कधी सांगितलं नाही. आता मामी जेवायला बोलवते ते ओरडूनच, आणि मामा तरी "काय?" म्हणतो. त्याला पोटासाठी ते ऐकावं लागलं. पोरगं मात्र स्वतःचे पैसे देऊन ऐकतंय.

त्याचा हेडफोन मी परत करायला लावला नाही, दुकानदार घेणारही नव्हता. '७.१' बंद केलं, बास उतरवला, फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर विंडोजमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' आहे, ते लावा. गोळीबार दबतो, पावलं वर येतात. अंतराचा अंदाज थोडा चुकतो, चालेल. चार दिवस हेडफोन हातात घ्यायचा नाही असं ठरवलं. तिसऱ्या रात्री शिट्टी थांबली. या वेळी थांबली. पुन्हा सुरू झाली तर थेट कानाच्या डॉक्टरकडे जायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

असो. पुढच्या वेळी कार्टमध्ये ड्रॅगनवाला खोका टाकाल तेव्हा एवढंच आठवा, हेडफोन बिघडला तर दुसरा मिळतो.